आधी काय विझवायचे?

नोव्हेंबर १९८२ च्या पहिल्या आठवड्यात वर्ध्याजवळ पवनारच्या परंधाम आश्रमात विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. वय ८७. काही दिवसांतच त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले. डॉक्टरांनी विनवले, विनवणाऱ्यांत पंतप्रधान इंदिरा गांधीही होत्या. निर्णय बदलला नाही. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, धाम नदीच्या काठी त्यांचा देह शांत झाला.

हा निर्णय आजारपणात एकाएकी सुचलेला नव्हता. भूदानासाठी तेरा वर्षे पायी हिंडलेल्या या माणसाने १९६६ मध्ये ‘सूक्ष्म प्रवेश’ जाहीर केला आणि बाहेरच्या कामातून स्वतःला आवरत आणले. १९७० मध्ये क्षेत्रसंन्यास घेतला. ज्याने देशभर पायपीट केली त्याने पवनारची सीमा ओलांडायची नाही असे ठरवले. २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभर मौन पाळले. आधी पाय थांबले, मग काही काळ वाणी, आणि शेवटी अन्न. एकेक गोष्ट खाली ठेवत जाण्याला एक क्रम होता, आणि तो क्रम त्यांनी स्वतः ठरवला होता.

त्याच वर्षांत, माणसाच्या हातची एक वस्तूही अशाच प्रवासाला लागली होती. ५ सप्टेंबर १९७७ ला निघालेले व्हॉयेजर १ हे यान नोव्हेंबर १९८० मध्ये शनीजवळून गेले आणि ग्रहांची कामे आटोपून सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागले. आज तेही एकेक गोष्ट सोडत चालले आहे. शक्ती ओसरू लागली की आधी काय सोडायचे आणि शेवटपर्यंत काय ठेवायचे, हा प्रश्न वर्धा जिल्ह्याने विसाव्या शतकात फार मन लावून विचारला. तोच प्रश्न गेली पस्तीस वर्षे अमेरिकेतल्या पॅसाडेना येथील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या अभियंत्यांपुढे दर वर्षी उभा राहतो. दोघांची उत्तरे शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत.

आधी यानाची शिदोरी काय आहे ते पाहू. सूर्यापासून इतक्या दूर सौर पट्ट्यांचा उपयोग नाही. व्हॉयेजर १ जिथे आहे तिथे ऊन पृथ्वीवरच्या उन्हाच्या पंचवीस हजारांशाहूनही कमी आहे. म्हणून यानाच्या एका दांडीवर तीन अणुजनित्रे बसवलेली आहेत. त्यांत प्लुटोनियम २३८ च्या ऑक्साइडचे गोळे आहेत. हे मूलद्रव्य आपोआप क्षय पावते आणि त्या क्षयातून उष्णता निघते. वेगवेगळ्या गुणांच्या दोन पदार्थांचे सांधे जोडून एक टोक या उष्णतेजवळ आणि दुसरे अवकाशाच्या थंडीत ठेवले की त्यांतून वीज वाहू लागते. फिरणारे चाक नाही, पट्टा नाही, वंगण नाही, त्यामुळे झिजून बंद पडण्यासारखे फारसे काही नाही. सुरुवातीला तिन्ही मिळून सुमारे सात हजार वॅट उष्णता देत, आणि तिच्यातून वीज हाती लागे ती जेमतेम ४७० वॅट. एखाद्या घरातला मिक्सर आणि दोन-चार दिवे चालतील एवढी.

आणि ती दर वर्षी सुमारे चार वॅटने घटते. प्लुटोनियम २३८ चा अर्धा साठा ८७.७ वर्षांत संपतो, शिवाय उष्णतेची वीज करणारे सांधेही जुने होत जातात. आता मूळच्या निम्म्याहूनही कमी वीज उरली आहे. भर घालायची सोय नाही. मिळकत थांबली आहे आणि खर्च मात्र कमी करत जायचा आहे, असा हा संसार.

म्हणून दिवे मालवायला सुरुवात झाली. पहिला क्रमांक डोळ्यांचा लागला. १४ फेब्रुवारी १९९० रोजी सहा अब्ज किलोमीटरवरून यानाने मागे वळून सूर्यमालेची चित्रे घेतली. त्यांतल्या एका चित्रात पृथ्वी एका ठिपक्याएवढी दिसते. त्यानंतर व्हॉयेजर १ चे कॅमेरे कायमचे बंद केले गेले. पुढे पाहण्यासारखे जवळ काही येणार नव्हते, आणि कॅमेऱ्यांची वीज इतर कामांना हवी होती. मग तापक बंद झाले, दुय्यम यंत्रणा बंद झाल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये जोडीच्या व्हॉयेजर २ या यानावरचे प्लाझ्मा मोजणारे उपकरण थांबवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हॉयेजर १ चे विश्वकिरण मोजणारे उपकरण थांबले, तर मार्चमध्ये व्हॉयेजर २ वरचे कमी ऊर्जेचे विद्युतभारित कण मोजणारे. दहा उपकरणे घेऊन निघालेल्या प्रत्येक यानावर तेव्हा तीन-तीन उरली.

छांदोग्य उपनिषदात इंद्रियांच्या भांडणाची एक गोष्ट आहे. आपल्यात श्रेष्ठ कोण, म्हणून ती प्रजापतीकडे जातात. तो सांगतो, जो निघून गेल्यावर शरीराची सर्वांत वाईट दशा होईल तो श्रेष्ठ. वाणी वर्षभर बाहेर राहून परत येते. शरीर मुक्या माणसासारखे जगलेले असते. मग डोळे जाऊन येतात, कान जाऊन येतात, मनही जाऊन येते, आणि प्रत्येक वेळी शरीर तग धरून असते. शेवटी प्राण निघायला लागतो, तेव्हा उमदा घोडा खुंट्यांसकट उधळावा तशी बाकीची सगळी मुळापासून हलतात आणि त्याच्यापुढे हात जोडतात. वर्ध्यात १९२३ मध्ये ‘महाराष्ट्र धर्म’ मासिक चालवताना विनोबांनी उपनिषदांवर लिहिले, तेव्हापासून या भागातल्या वाचकाला या वाटा अनोळखी नाहीत.

व्हॉयेजरची कथा या गोष्टीला एका ठिकाणी अडवते. उपनिषदात वाणी सर्वांत आधी बाहेर पडते, आणि तिच्यावाचून फारसे अडत नाही. यानावर मात्र ती सर्वांत शेवटी जाणार. डोळे मिटले, स्पर्श बोथट झाला, अंगातली ऊब गेली तरी चालते. २३ वॅटचा प्रक्षेपक चालूच ठेवायचा, कारण तो थांबला की बाकी काहीही शाबूत असून ते आपल्यासाठी नसल्यासारखेच. प्लुटोनियम त्यानंतरही कित्येक वर्षे ऊन राहील. उपनिषदाच्या भाषेत प्राण असेल. पण कोणाला काही सांगण्याची शक्ती नसेल. जिवंत असणे आणि कोणाच्या तरी संपर्कात असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इतक्या उघडपणे दाखवणारे दुसरे उदाहरण सापडणे अवघड आहे. म्हातारपणी ज्यांचे कान गेले, ज्यांची वाचा गेली, त्यांच्या घरच्यांना हा फरक वेगळा सांगावा लागत नाही.

२३ वॅट म्हणजे जुन्या नळीच्या दिव्यापेक्षाही कमी. हा आवाज सुमारे २५ अब्ज किलोमीटरवरून येतो. वाटेत तो इतका पसरतो की ७० मीटर व्यासाच्या अँटेनाने गोळा केल्यावरही हाती लागणारी शक्ती एका वॅटच्या अब्जांशाच्या अब्जांशाहून कमी भरते. तरीही तो कळतो, आणि याचे श्रेय बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचे आहे. कॅलिफोर्नियातले गोल्डस्टोन, स्पेनमधले माद्रिद आणि ऑस्ट्रेलियातले कॅनबेरा अशा पृथ्वीच्या तीन बाजूंच्या तीन ठिकाणी हे प्रचंड कान बसवलेले आहेत, म्हणजे पृथ्वी फिरली तरी एक ना एक कान त्या दिशेला असतो. आलेली कुजबुज जिथे मोठी केली जाते ते भाग उणे २६० अंशांच्या आसपास थंड ठेवतात, कारण यंत्राच्या स्वतःच्या उबेचाही आवाज असतो आणि त्या आवाजात दूरची कुजबुज बुडून जाते.

ही गोष्ट थांबून विचार करण्याजोगी आहे. दूरचे, क्षीण असे काही ऐकायचे तर ऐकणाऱ्याने आपल्या आतला गोंगाट आधी शमवावा लागतो. सेवाग्रामला सोमवारी गांधीजी बोलत नसत, चिठ्ठ्या लिहून काम भागवत. त्या मौनाकडे लोक बहुधा विश्रांती किंवा व्रत म्हणून पाहतात. त्यात दुसरेही काही होते. ज्या माणसाशी बोलता यावे म्हणून व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी खेड्यातल्या आश्रमात टेलिफोन बसवून दिला, तो माणूस आठवड्यातला एक दिवस आपला आवाज काढून घेत होता.

बोलणे आणि पाहणे एकाच वेळी जमत नाही, हे तर न्यू होरायझन्स यानाने अक्षरशः दाखवले. त्याची अँटेना यानाच्या अंगालाच पक्की बसवलेली आहे आणि कॅमेरेही. पृथ्वीकडे तोंड केले की प्लुटो दिसत नाही, प्लुटोकडे वळले की पृथ्वीशी बोलता येत नाही. १४ जुलै २०१५ रोजी, साडेनऊ वर्षांच्या प्रवासानंतर प्लुटो समोर आला तेव्हा यानाने बोलणे थांबवले आणि सुमारे २१ तास ते फक्त पाहत राहिले. त्या वेळात अभियंत्यांना ते सुखरूप आहे की नाही हेही कळत नव्हते. मग ‘ठीक आहे’ एवढा निरोप आला. त्या मोजक्या तासांत पाहिलेले सगळे पृथ्वीवर पाठवून व्हायला ऑक्टोबर २०१६ उजाडला. दिवसभर पाहायचे आणि पंधरा महिने सांगत बसायचे, असे हे प्रमाण. आज पाहण्याआधी सांगण्याची घाई सर्वत्र आहे. तिच्यापुढे हे प्रमाण ठेवून पाहावे.

महाराष्ट्रातल्या मातीनेही असा एक आवाज ऐकलेला आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची. एरवी ती दूरच्या दीर्घिका ऐकते. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे शियापारेली हे यान मंगळावर उतरत होते. त्याचा प्रक्षेपक पृथ्वीशी थेट बोलण्यासाठी केलेलाच नव्हता, जवळून फिरणाऱ्या यानाला निरोप द्यावा एवढीच त्याची ताकद. खोडदच्या तारांनी तो सूर पृथ्वीवरून थेट पकडला. यान वातावरणात शिरले, हवाई छत्री उघडली, सूर येत राहिला, आणि जमिनीला टेकण्याच्या थोडे आधी तुटला. शियापारेली मंगळावर आदळले होते. त्याच्या अखेरच्या क्षणांना आपल्या शेतांच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या जाळीदार थाळ्या साक्षी होत्या.

आता साठ्याचा प्रश्न. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम उभे करणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या १९४५ मध्ये आलेल्या पुस्तकात एक भेद केला आहे. निसर्गात काही गोष्टी साठ्याच्या असतात, कोळसा, खनिज तेल, धातू. काढल्या की संपतात. काही प्रवाहाच्या असतात, नदीचे पाणी, वाढते रान. त्यांच्या वाढीपुरतेच घेतले तर त्या संपत नाहीत. साठ्यावर उभी केलेली व्यवस्था टिकाऊ नसते आणि साठ्यासाठी माणसे लढतात, म्हणून ती हिंसेकडे नेते, हे त्यांचे म्हणणे. मगनवाडीने रॉकेलच्या कंदिलाऐवजी गावातल्या तेलबियांच्या तेलावर जळणाऱ्या मगनदीपाचा पुरस्कार केला, तो याच विचाराने.

या कसोटीवर व्हॉयेजरची शिदोरी शुद्ध साठ्याची ठरते. आणि हा साठा कुठून आला हेही पाहायला हवे. प्लुटोनियम २३८ चा बॉम्ब होत नाही, हे खरे. पण अमेरिकेने ते तयार केले अण्वस्त्रांसाठी उभारलेल्या सव्हॅना रिव्हरच्या भट्ट्यांत, बॉम्बच्या कारखान्याच्या अंगणात. त्याचे चटके भारतालाही माहीत आहेत. १९६५ मध्ये चीनच्या अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी अमेरिकी आणि भारतीय गुप्तचर यंत्रणांनी नंदादेवीवर एक यंत्र न्यायला घेतले. त्याला वीज देणारे जनित्र याच प्लुटोनियमचे होते. हवामान बिघडले म्हणून ते वाटेतच बांधून ठेवले गेले आणि पुढच्या मोसमात जागेवर सापडले नाही. १९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाईंना संसदेत हे सांगावे लागले. ते जनित्र आजवर मिळालेले नाही. ज्या पर्वताच्या हिमनद्यांचे पाणी ऋषिगंगेवाटे गंगेला मिळते, तिथे ते हरवले आहे.

तेव्हा वर्ध्याच्या विचाराने पाहणाऱ्याला यानाच्या नितळ गौरवगाथेत सामील होता येत नाही. पण सरसकट नकारही बरोबर ठरणार नाही. जिथे ऊन पोहोचते तिथे प्लुटोनियम नेणे हा आळस आहे, एवढे ठामपणे म्हणता येते, कारण ते सिद्ध झाले आहे. गुरूजवळ ऊन पृथ्वीच्या पंचविसांश असते. तिथे सौर पट्ट्या चालणार नाहीत असे अनेक वर्षे धरून चालले होते. जुनो यान २०१६ पासून तिथे केवळ उन्हावर काम करत आले, तीन लांबच लांब पंख पसरून सुमारे ५०० वॅटवर. ऑक्टोबर २०२४ मध्ये गुरूच्या युरोपा या चंद्राकडे निघालेले युरोपा क्लिपरही उन्हावरच चालते. भारताचे मंगळयान उन्हावर चालले. सहा महिन्यांसाठी नेमलेले ते यान साडेसात वर्षे टिकले आणि २०२२ मध्ये ग्रहणाच्या लांबलेल्या सावलीनंतर गप्प झाले. प्रवाहावर जगायचे तर प्रवाह तुटण्याचीही तयारी हवी. चंद्रयान ३ चे विक्रम आणि प्रज्ञान सप्टेंबर २०२३ मध्ये चंद्राच्या रात्रीआधी झोपवले गेले ते उठले नाहीत. त्याच मोहिमेच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या भागावर भाभा अणुसंशोधन केंद्राने केलेले एकेक वॅटचे दोन किरणोत्सारी तापक चाचणीसाठी होते. म्हणजे साठ्याची वाट भारतानेही चाचपायला घेतली आहे, आणि हा प्रश्न यापुढे परक्यांचा राहणार नाही. त्यावर मराठीत बोलले गेले पाहिजे.

ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे त्याच जिल्ह्यात पुलगावचे दारूगोळा भांडार आहे. वर्ध्याच्या माणसाला या दोन्हींच्या मधोमध राहण्याची सवय आहे. म्हणून हा विचार करायला तो अधिक लायक आहे.

विनोबांशी यानाची तुलना करण्याला एक रास्त आक्षेप आहे. यान काही सोडत नाही. सोडले जाते ते पृथ्वीवरून. त्यागाला इच्छा लागते, आणि यंत्राला ती नसते. आक्षेप मान्य करावा. मग त्याग कोणाचा? विश्वकिरणांचे ते उपकरण ज्यांनी घडवले आणि जवळजवळ अर्धे शतक त्याचे आकडे वाचले, त्यांचा. बंद करण्याची आज्ञा मुखातून गेली की तिला पोहोचायला जवळपास एक दिवस लागतो आणि ‘बंद झाले’ हे उत्तर यायला आणखी एक. नोव्हेंबर २०२६ मध्ये हे अंतर प्रकाशाला पुरे २४ तास लागतील एवढे होते. तेवढा वेळ, दिलेली आज्ञा परत न घेता येण्याच्या अवस्थेत, माणसे बसून राहतात. पवनारला १९८२ च्या त्या दिवसांत विनोबांच्या भोवती बसलेल्यांनाही निराळ्या प्रकारे हेच करावे लागले. आपल्या प्रिय गोष्टीला ओसरू देणे हे ओसरणाऱ्याइतकेच भोवतालच्यांचेही काम असते.

शिवाय काय सोडता येते हे सोडून पाहिल्याशिवाय कळत नाही. व्हॉयेजर २ च्या विश्वकिरण उपकरणाचा तापक २०१९ मध्ये नाइलाजाने बंद केला. ते उणे ५९ अंशांपर्यंत गारठले, निर्मितीवेळी जेवढ्या थंडीत तपासले होते त्याहून खाली. तरी ते चालत राहिले. जी ऊब अनिवार्य मानली होती ती तशी नव्हती. १९५० मध्ये पवनारला विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला, पैशावाचून, स्वतःच्या श्रमाच्या शेतीवर जगून पाहिले, तेव्हा तिथेही हेच तपासले जात होते. अपरिग्रह हा आधी मान्य करून मग पाळायचा नियम म्हणून शिकवला जातो. या दोन्ही ठिकाणी तो प्रयोग होता, आणि गरजेची खरी रेषा कुठे आहे ते प्रयोगानेच सांगितले.

जुलै २०२३ मध्ये एका चुकीच्या आज्ञेने व्हॉयेजर २ ची अँटेना पृथ्वीपासून दोन अंश ढळली. दोनच अंश, पण संपर्क तुटला. कॅनबेराच्या ७० मीटरच्या अँटेनावरून सर्व ताकदीनिशी हाक घातली गेली, ‘इकडे वळ’. यान ती ऐकेल याची खात्री नव्हती. ३७ तासांनी उत्तर आले. वर्षानुवर्षे दुरावलेल्या नात्यांतही कित्येकदा अंतर इतकेच असते, दोन अंशांचे, आणि हाक घालणाऱ्याला उत्तराची हमी नसते.

येरवड्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये गांधीजींना तारे पाहण्याची गोडी लागली आणि त्यांनी आश्रमवासीयांना आकाश पाहण्याविषयी लिहिले. वर्ध्याच्या उन्हाळ्यात आजही अंगणात नि गच्चीवर खाटा पडतात. मेअखेरीस रात्री साडेबाराच्या सुमारास उताणे पडून वर पाहावे. डोक्यावर, किंचित दक्षिणेला, भुजंगधारी तारकासमूहाचा वरचा भाग असतो. व्हॉयेजर १ त्या दिशेला आहे. केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आणि मराठीतला एक नमस्कार कोरलेली तबकडी त्याच्या अंगावर आहे. ती वाजवायची सुई यानातच ठेवलेली आहे, आणि तबकडी जपायला वीज लागत नाही.